सेलमची भाऊबंदकी

शनिवारी सेलमला जाऊ, असं लेकीनं जाहीर केलं तेव्हा हिला तामिळनाडूतलं सेलम आठवलं. "इतकं लांब येऊन पुन्हा तिकडेच कशाला?" लेक हसली. हे सेलम मॅसॅच्युसेट्समधलं, बोस्टनच्या उत्तरेला, समुद्राकाठी. १६९२ साली इथं चेटूक केलं म्हणून माणसं फासावर दिली होती. नातवाला त्यात फक्त चेटूक एवढंच ऐकू आलं आणि तो टोकदार टोपीच्या मागे लागला.

मला मात्र जायचंच होतं. शहाद्याला मी एकेचाळीस वर्षं वकिली केली, त्यातली बहुतेक दिवाणी. वाटपाचे दावे, बांध, वहिवाटीचे रस्ते, मृत्युपत्रं. लेकीकडे येऊन दीड महिना झाला होता. दुपारी सगळे आपापल्या कामाला लागले की मी लॅपटॉपवर सेलमच्या खटल्यांचे कागद वाचत बसायचो. व्हर्जिनिया विद्यापीठानं ते इंटरनेटवर ठेवलेत. वॉरंटं, जबान्या, अर्ज, अगदी तुरुंगाच्या खर्चाची बिलंसुद्धा. इंग्रजी जुनं, एकच नाव तीन कागदांत तीन तऱ्हेनं लिहिलेलं. आपल्याकडच्या मोडी दस्तांसारखंच, चार दिवस डोळे ताणले की नजर बसते. आणि नजर बसल्यावर मला त्यात भुतं कमी आणि बांध जास्त दिसायला लागले.

ऑक्टोबर महिनाभर सेलमला जत्रा असते. हे लेकीनं सांगितलं होतं, पण एवढी असेल असं वाटलं नव्हतं. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत पाऊण तास गेला. फुटपाथवर म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून कुत्र्यांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर काळ्या टोप्या. पोलिसांच्या गाडीवर झाडूवर बसलेली चेटकीण. हायस्कूलच्या खेळाडूंच्या संघाचं नाव 'विचेस'. एका चौकात जुन्या टीव्ही मालिकेतल्या चेटकीण नायिकेचा ब्राँझचा पुतळा, त्यापुढे फोटोसाठी रांग. गोंगाट इतका की मी कानातल्या मशीनचा आवाज कमी करून टाकला. ज्या गावात माणसं लटकवली तिथं हे काय, म्हणून मी नाक मुरडलं, तर ही म्हणाली, "अहो, सारंगखेड्याच्या यात्रेत पाळणे असतातच की. देव वेगळा, पाळणे वेगळे." मी गप्प बसलो.

सगळ्यात मोठी गर्दी 'विच हाउस'पुढे. काळपट लाकडी भिंती, टोकदार छपरं, बारक्या तावदानांच्या खिडक्या. नाव चेटकिणीचं, पण चेटकीण म्हणून ठरवलेलं कुणी या घरात कधी राहिलं नाही. हे घर जोनाथन कॉर्विनचं, म्हणजे खटल्यातल्या एका न्यायाधीशाचं! खटल्यांशी थेट संबंध असलेली आणि अजून उभी असलेली सेलम शहरातली हीच काय ती एक इमारत. गेल्या शतकात रस्ता रुंद करायचा होता तेव्हा हे घर पाडण्याऐवजी अख्खं उचलून मागे सरकवलं. आत छत इतकं खाली की जावई वाकून चालत होता. स्वयंपाकघरातल्या चुलाण्यात एक माणूस आरामात उभा राहील.

कॉर्विन आणि त्याचा सहकारी जॉन हॅथॉर्न हे तिथले मॅजिस्ट्रेट. पहिल्या आरोपींची चौकशी याच दोघांनी केली. माझ्या वाचनात या दोघांचं आणखी एक काम आलं होतं, जे या घराच्या पाटीवर मला दिसलं नाही. उत्तरेला, आजच्या मेन राज्यात, तेव्हा फ्रेंच आणि त्यांच्या बाजूचे मूळ रहिवासी यांच्याशी इंग्रज वसाहतींची लढाई जुंपली होती. १६९० साली तिकडच्या संरक्षणाची पाहणी करायला सरकारनं कॉर्विन आणि हॅथॉर्नला धाडलं. पाठोपाठ तिथली शिबंदी काढून घेतली गेली आणि मे महिन्यात फालमथ पडलं. वाचलेले लोक दक्षिणेला पळाले. त्यांतली काही पोरकी पोरं सेलमच्या आसपास घरगडी, मोलकरणी म्हणून लागली. दोन वर्षांनी जी मुलगी कोर्टात किंचाळत होती, 'मला पिशाच्च दिसतं, ते काळं आहे, ते इंडियन माणसासारखं दिसतं' (इंडियन म्हणजे तिथला मूळ रहिवासी, आपण नव्हे), तिच्या आईबापांचं काय झालं हे ऐकून घेणारे साहेब हेच दोघं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही सैतानच खरा वाटला असता. निदान तो सोयीचा तरी वाटला असता.

तिथून जवळच पीबडी एसेक्स संग्रहालय आहे. सेलमची गलबतं पुढं शंभर वर्षांनी मुंबई-कलकत्त्यापर्यंत व्यापाराला येत, त्या कप्तानांनी जमवलेल्या वस्तूंतून ते उभं राहिलं. आपल्या पंढरपूरला जन्मलेल्या हुसेनसाहेबांची चित्रंही त्यांच्या संग्रहात आहेत. नातू कंटाळला म्हणून ते राहिलं. पुढच्या खेपेला.

चार्टर स्ट्रीटवर जुनं कबरस्तान आहे, त्याला लागून १९९२ साली, खटल्यांना तीनशे वर्षं झाली तेव्हा, बांधलेलं स्मारक. गर्दी असूनही इथं आवाज खाली येतो. दगडी गडग्यासारखी भिंत आणि तिच्यातून पुढे आलेले ग्रॅनाइटचे वीस बाक. प्रत्येकावर नाव, मरणाची तारीख आणि कसं मारलं ते. एकोणीस ठिकाणी फाशी. विसाव्या बाकावर जाइल्स कोरी, ऐंशी वर्षांचा म्हातारा. त्यानं 'गुन्हा कबूल की नाकबूल' याचं उत्तर द्यायलाच नकार दिला, म्हणून छातीवर धोंडे रचत गेले, तो मरेपर्यंत. आत शिरताना पायाखालच्या फरशांवर आरोपींची वाक्यं कोरलीत, 'मी निर्दोष आहे' अशा अर्थाची, आणि ती वाक्यं मधेच भिंतीखाली जातात. बोलणं तोडून टाकलं ते दाखवायला. नातवानं वाकून भिंतीच्या फटीत बोट घालून पुढची अक्षरं आहेत का ते पाहिलं.

मी वेगळीच नावं शोधत होतो. फेब्रुवारी १६९२ च्या शेवटच्या दिवशी ज्या पहिल्या तीन बायकांची वॉरंटं निघाली त्या म्हणजे सारा गुड, सारा ऑस्बर्न आणि टिटुबा. सारा गुड भीक मागत दारोदार फिरणारी, कुणी काही दिलं नाही तर पुटपुटत निघून जाणारी. तिचा बाक आहे. तिची चार-पाच वर्षांची पोर डॉरथी, तिलाही साखळदंड घालून कित्येक महिने डांबलं होतं. पुढे बापानं अर्जात लिहिलं की पोर तेव्हापासून कधी ताळ्यावर आलीच नाही. टिटुबा ही पॅरिस नावाच्या पाद्र्याच्या घरची गुलाम. तिनं गुन्हा कबूल केला आणि ती वाचली. हा या खटल्यांतला सगळ्यांत उफराटा प्रकार. ज्यांनी 'हो, मी चेटकीण' म्हटलं त्यांना पुढच्या साक्षीसाठी जिवंत ठेवलं, ज्यांनी नाही म्हटलं ते फासावर गेले. पण तिची सुटकाही पैशापाशी अडली. कोठडीतल्या खाण्यापिण्याचा खर्च कैद्यानंच भरायचा असे. पॅरिसनं तो भरला नाही, म्हणून ती वर्षाहून जास्त आतच राहिली. शेवटी कुणीतरी तुरुंगाची थकबाकी भरून तिला विकत घेतलं.

सारा ऑस्बर्नचा बाक मात्र नाही. ती मे महिन्यात बोस्टनच्या तुरुंगात मेली, खटला उभा राहण्याआधीच. फाशी झाली नाही, त्यामुळे वीसात नाव नाही. आणि नेमकं तिचंच प्रकरण माझ्या धंद्यातलं. तिचा पहिला नवरा रॉबर्ट प्रिन्स दोन लहान मुलं आणि जमीन मागे ठेवून गेला. मृत्युपत्रात लिहिलं होतं की मुलं मोठी झाल्यावर जमीन त्यांची, आणि देखरेखीला नेमले थॉमस आणि जॉन पटनम, नात्यातलेच. साराबाईनं घरातल्या आयरिश गड्याशी लग्न केलं आणि जमीन आपल्या हाती ठेवायचा प्रयत्न केला. दावेदारी वर्षानुवर्षं चालली. १६९२ ला तिच्याविरुद्ध तक्रार द्यायला मॅजिस्ट्रेटपुढे जे गेले त्यांत थॉमस पटनम नावाचे गृहस्थ होते, त्याच घराण्याची पुढची पिढी.

इथं मला माझं एक प्रकरण आठवलं. वकिलीचं तिसरं-चौथं वर्ष. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सेशनच्या कामाला धुळ्याला जावं लागे. धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर विधवा बाईला डाकीण ठरवून मारलं होतं. पाड्यावरची दोन पोरं तापानं गेली, भगतानं दाणे बघून नाव काढलं, आणि रात्री माणसं गेली. मी सीनियरांच्या हाताखाली होतो, माझं काम कागद लावायचं. ते लावताना लक्षात आलं की नाव निघायच्या सहा महिने आधी दिराशी नाल्याकाठच्या शेतावरून तिचं वाजलं होतं आणि तहसीलला अर्ज पडून होता. तो अर्ज फौजदारी फाइलमध्ये नव्हता. कुणी मागितलाच नाही. जादूटोणाविरोधी कायदा फार पुढे, २०१३ ला आला, तोही दाभोलकरांचा खून झाल्यावर.

ही सगळी गोष्ट मी लेकीला तिथंच बाकाशेजारी उभा राहून सांगत होतो. ती म्हणाली, "बाबा, मग सगळं जमिनीचंच का? देवाधर्माचं काहीच नाही?"

तसं म्हणता येणार नाही. सैतान आहे, तो माणसांशी करार करतो, हे तेव्हा न्यायाधीशापासून नांगऱ्यापर्यंत सगळे मानत. कायद्यात चेटूक हा देहदंडाचा गुन्हा होता. पण असं मानणारी माणसं आधीही होती, आणि खटले तुरळक व्हायचे, पुष्कळदा सुटायचेही. त्या एका वर्षात दीडशेच्या वर माणसं आत गेली. माझ्या मते त्याचं उत्तर सैतानापेक्षा सनदेत आहे. लंडननं १६८४ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीची सनद रद्द केली. दोन वर्षांनी सर एडमंड अँड्रॉस हा नवा गव्हर्नर आला आणि म्हणाला की गावसभांनी वाटलेल्या जमिनींचे हक्क आम्ही धरत नाही, राजाच्या नावानं नवा पट्टा घ्या, फी भरा, दरसाल सारा द्या. आता कल्पना करा, उद्या वरून हुकूम आला की तालुक्यातले सगळे सात-बारे रद्द, नव्यानं अर्ज करा. माझ्या ऑफिसबाहेर रांग लागली असती आणि रांगेतच निम्मी डोकी फुटली असती. १६८९ च्या एप्रिलमध्ये बोस्टनच्या लोकांनी अँड्रॉसलाच कैदेत टाकलं. त्यानंतर तीन वर्षं सरकार होतं, पण त्याच्या हुकमाला पक्का आधार नव्हता. बाजूला लढाई, त्यात देवीची साथ, क्वेबेकवरची फसलेली मोहीम, तिजोरी रिकामी. १६९२ च्या जानेवारीत यॉर्क गावावर हल्ला होऊन ते जळालं, आणि त्याच महिन्यात पाद्र्याच्या घरातल्या दोन मुलींना झटके यायला लागले.

नवी सनद घेऊन गव्हर्नर विल्यम फिप्स मे महिन्यात उतरला, तेव्हा तुरुंग भरलेले होते. त्यानं खास कोर्ट नेमलं, मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन, शिक्षणानं धर्मशास्त्री. जूनच्या १० तारखेला पहिली फाशी, ब्रिजेट बिशपची. आरोपींना वकील नाही. आणि पुरावा कसला, तर साक्षीदार मुलगी सांगते की अमकीचं छायारूप रात्री येऊन मला चिमटे काढतं. आरोपी त्या वेळी आपल्या घरी अंथरुणात होती, हे दहा जणांनी शपथेवर सांगून काय उपयोग? रूप आलं होतं, देह घरीच होता! म्हणजे घटनास्थळी नसणं हा बचाव, जो फौजदारीतला सगळ्यात भक्कम बचाव, तो एका फटक्यात बाद. मी वकील म्हणून ते वाचताना उठून येरझाऱ्या घातल्या होत्या.

फाशीची जागा गावाच्या दुसऱ्या टोकाला, प्रॉक्टर्स लेज. शंभर-दोनशे वर्षं लोक समजत होते की टेकडीच्या माथ्यावर फाशी दिली. २०१६ साली अभ्यासकांनी जुन्या जबान्या आणि नकाशे ताडून दाखवलं की ती खालच्या खडकाळ उतारावर दिली, आणि पुढच्या वर्षी तिथं छोटं स्मारक झालं. अर्धगोल दगडी भिंत, त्यात एकोणीस नावं, मधे एक ओक. मागे औषधांच्या मोठ्या दुकानाची पिछाडी, शेजारी लोकांची घरं, एकाच्या परसात कपडे वाळत घातलेले. इथं आमच्याखेरीज फक्त एक जोडपं होतं.

या नावांतलं जॉर्ज बरोज हे नाव वाचून मी थांबलो. हा स्वतः पाद्री. १६८० च्या सुमारास तो सेलम व्हिलेजचा, म्हणजे बंदरापासून आत असलेल्या शेतकरी वस्तीचा, धर्मगुरू होता. गावानं पगार थकवला. तशात बायको वारली. अंत्यविधीच्या सामानासाठी त्यानं जॉन पटनमकडून उधार घेतलं. पगारच नाही तर उधारी फिटणार कशी? तो गाव सोडून उत्तरेला गेला, हिशेब पुरा करायला परत आला, तर त्या उधारीपायी पटनमनं त्याला अटक करवली. ते प्रकरण मिटलं आणि बरोज पुन्हा मेनला गेला. तिथं दोनदा हल्ल्यांतून वाचला. आता त्याच वाचण्याचा संशय! १६९२ च्या मेमध्ये त्याला तिथून धरून आणलं, चेटक्यांचा म्होरक्या म्हणून. त्याच्यावर आरोप करणाऱ्यांत मर्सी लुइस होती. लढाईत आईबाप गमावलेली, पूर्वी बरोजच्याच घरात कामाला असलेली आणि आता थॉमस पटनमकडे मोलकरीण. १९ ऑगस्टला फासाच्या शिडीवर उभा राहून त्यानं प्रार्थना एकही चूक न करता म्हटली. चेटक्याला ती म्हणता येत नाही असा समज होता, त्यामुळे जमाव गलबलला. तरी फास ओढलाच.

त्याच दिवशी जॉन प्रॉक्टर गेला. नवराबायको दोघं तुरुंगात असताना शेरीफनं घरातली जनावरं नेली, काही मारली, काही पडत्या भावात विकली. त्या काळच्या बोस्टनच्या एका व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पिंपातली बिअर ओतून देऊन पिंप नेलं आणि भांड्यातलं कालवण सांडून भांडं नेलं. मागे पोरं. तो शेरीफ जॉर्ज कॉर्विन, सकाळी ज्यांचं घर तिकीट काढून पाहिलं त्या न्यायाधीशांचा पुतण्या. हिनं हे ऐकलं आणि म्हणाली, "कालवण सांडायची काय गरज होती?" नंतर गाडीत बसल्यावरही ती तेच म्हणत होती.

तर आता खरं गाव. सेलमच्या खटल्यांचं मूळ सेलममध्ये नाही. तेव्हाचं 'सेलम व्हिलेज' म्हणजे बंदरापासून आत, शेतकऱ्यांची विखुरलेली वस्ती. १७५२ साली ती वेगळी झाली आणि आज तिचं नाव डॅनव्हर्स. गाडीनं वीस मिनिटं. टोप्या नाहीत, जत्रा नाही, पार्किंग फुकट. आपल्याकडे वाडी आणि गाव यांचं जसं असतं तसं यांचं होतं. कर आणि पहारा बंदराच्या गावाला द्यायचा, चर्चला जायचं तर मैलोन्‌मैल चालायचं. म्हणून वाडीनं वेगळं चर्च मागितलं. ते मिळालं, पण अर्धवट. पाद्री ठेवण्यावरून दर वेळी दोन तट. वीस वर्षांत चार पाद्री झाले, आणि त्यांतला चौथा सॅम्युअल पॅरिस.

सेंटर स्ट्रीटवर दोन घरांच्या मधून एक पायवाट आत जाते. दुर्लक्ष झालं तर चुकेल. आत गवतात खोलगट खड्डा आणि दगडांचा पाया, खोलीच्या आकाराचा. पॅरिसचं घर इथं होतं. १९७० साली उत्खनन करून हा पाया उघडा केला. मी पावलांनी मोजलं. माझ्या शहाद्याच्या घराची पडवी यापेक्षा जराशीच लहान. इथंच १६९२ च्या जानेवारीत नऊ वर्षांची बेट्टी आणि तिची आतेमामेबहीण अॅबिगेल वेडंवाकडं करू लागल्या. इथंच शेजारणीनं सुचवलेला उतारा झाला. राय नावाच्या धान्याच्या पिठात (आपली राई नव्हे) मुलींचं मूत्र कालवून भाकरी भाजली आणि कुत्र्याला घातली, म्हणजे करणी करणारीचं नाव कळेल. आमचा भगत दाणे बघतो, यांनी भाकरी घातली.

त्या रायला बुरशी लागली होती आणि त्यामुळे मुलींना भास होत होते, असंही एक मत आहे. जावयाला ते फार पटलेलं. मला नाही पटलं. बुरशी नेमकी एका तटाच्या पोरींनाच लागते, आणि नावं नेमकी दुसऱ्या तटाची बाहेर येतात?

पॅरिस हा बार्बाडोसमध्ये व्यापार करून न जमलेला माणूस. पगार ठरला सालाचे ६६ पौंड, तिसरा हिस्सा रोख आणि बाकी धान्यधुन्यात. जळणाचं कोणी काय द्यायचं यावर सुरुवातीपासून घोळ. पाद्र्याचं घर आणि जमीन त्याला कायमची दिली की नाही, यावरही घोळ. ऑक्टोबर १६९१ ला गावसमितीची निवड झाली आणि पाचही जागा विरोधी तटाला गेल्या. या समितीनं त्याच्या पगारासाठीचा करच बसवला नाही. नोव्हेंबरात पॅरिसनं सभेत तक्रार केली की उद्यापुरतंच जळण उरलंय. मॅसॅच्युसेट्सचा हिवाळा! या पायाच्या दगडाशी उभं राहून, ऑक्टोबरातच माझी बोटं गार पडली होती. घरात थंडी, बाप प्रवचनातून सैतानाच्या हस्तकांवर बोलतोय, आणि त्या चार भिंतींत दोन पोरी दिवसरात्र ते ऐकताहेत.

ती पाच नावं मी वहीत लिहून आणली होती. जोसेफ पोर्टर, जोसेफ हचिन्सन, डॅनिएल अँड्र्यू, फ्रान्सिस नर्स आणि जोसेफ पटनम. यांतल्या डॅनिएल अँड्र्यूवर पुढे वॉरंट निघालं, तो पळाला म्हणून वाचला. फ्रान्सिस नर्सची बायको फासावर गेली.

आणि पटनम विरोधी तटात कसा? तीच तर भाऊबंदकी. थोरल्या थॉमस पटनमनं उतारवयात दुसरं लग्न केलं. १६८६ ला तो वारला तेव्हा मृत्युपत्रात घर आणि चांगली जमीन दुसरी बायको आणि तिचा मुलगा जोसेफ यांना. पहिल्या घरच्या मुलांनी मृत्युपत्राला आव्हान दिलं, हरले. १६९० ला जोसेफनं पोर्टरांच्या मुलीशी लग्न केलं, म्हणजे घराण्याच्या हाडवैऱ्यांशी सोयरीक. ज्याची वाटणी बुडाली तो थोरला मुलगा, धाकटा थॉमस पटनम. त्याच्याच घरात बारा वर्षांची अॅन, त्याच्याच घरात मर्सी लुइस. तक्रारी आणि जबान्या ढीगभर, त्याच्याच हस्ताक्षरात. दावा हरलेला पक्षकार कसा असतो ते मला विचारा. तो पोरांच्या देखत ताटावर बसून तेच बोलतो. सावत्र भावाला पकडायला मात्र कुणी धजलं नाही. तो घोड्यावर खोगीर चढवूनच ठेवत असे, असं सांगतात.

हॉबर्ट स्ट्रीटवर, जुन्या सभागृहाच्या जागेसमोर, डॅनव्हर्सचं स्वतःचं स्मारक आहे. इथं सारा ऑस्बर्नचं नाव सापडलं. कोठडीत मेलेल्यांचीही नावं यांनी घेतलीत. मला बरं वाटलं.

शेवटी रिबेका नर्सचं शेत. लालसर तपकिरी लाकडी घर, मागे गवताचा लांबच लांब उतार, खाली झाडीत घराण्याचं छोटं कबरस्तान. फ्रान्सिस नर्स हा लाकडी ताटं-भांडी करणारा कारागीर. १६७८ साली त्यानं ही तीनशे एकर जमीन हप्त्यांवर घेतली. कालचा सुतार आज बागायतदार झाला, तर शेजाऱ्यांना काय वाटतं ते सांगायला नको. त्यात रिबेका ही टॉप्सफील्डच्या टाउन घराण्यातली. टॉप्सफील्ड आणि सेलम व्हिलेज यांच्या हद्दीवरून पटनमांचं आणि तिकडच्यांचं अनेक वर्षांचं भांडण, कारण सरकारनंच एका पट्ट्यावर वेगवेगळ्या वेळी दोघांचा हक्क मान्य केलेला. झाडं तोडण्यावरून मारामाऱ्या, कोर्टकचेऱ्या. रिबेका आणि तिच्या दोन्ही बहिणी, तिघींवर आरोप आले. दोघी फासावर गेल्या.

रिबेका एकाहत्तर वर्षांची, आजारी, देवभोळी. तिच्या चांगुलपणाबद्दल ३९ शेजाऱ्यांनी लेखी अर्ज दिला, आणि ज्या दिवसांत अर्जावर सही म्हणजे स्वतःला संशयात घालणं, त्या दिवसांत दिला. ज्युरीनं तिला निर्दोष ठरवलं. मुलींनी कोर्टात आकांत मांडला. स्टॉटननं ज्युरीला विचारलं, एक कबुली दिलेली कैदी आत आणली तेव्हा ही म्हातारी 'ती आमच्यातलीच एक' असं म्हणाली, त्याचा विचार केला का? ज्युरीच्या प्रमुखानं रिबेकाला विचारलं, याचा अर्थ काय? ती काहीच बोलली नाही. ज्युरी आत जाऊन आली, दोषी. नंतर तिनं लिहून दिलं की मला कमी ऐकू येतं, मी दुःखात होते, प्रश्न कळलाच नाही. 'आमच्यातली' म्हणजे आमच्याबरोबर कोठडीत असलेली. १९ जुलैला तिला फाशी दिली. घरच्यांनी रात्री गुपचूप प्रेत आणून या शेतात पुरलं, असं घराण्यात सांगत आलेत.

मला कमी ऐकू यायला लागून नऊ वर्षं झाली. निवृत्तीच्या आधी एका सुनावणीत साहेबांनी विचारलं, तडजोड मान्य आहे का? मला 'तारीख मान्य आहे का' असं ऐकू आलं. मी म्हटलं, हो. पक्षकार माझ्याकडे बघतच राहिला. समोरच्या वकिलानं मनाचा मोठेपणा दाखवला म्हणून निभावलं, आणि त्याच आठवड्यात मी मशीन घेतलं.

सरकारनं १७११ साली भरपाई वाटली, एकूण ५७८ पौंड १२ शिलिंग. प्रॉक्टरच्या वारसांना १५०, नर्सच्या वारसांना २५. डॉरथीच्या बापाला ३०. वाटपाचं तत्त्व काय, ते मला कागदांवरून उमगलं नाही. अॅन पटनमनं १७०६ साली चर्चमध्ये उभं राहून माफी मागितली, सैतानानं मला फसवलं म्हणाली. वाटणीबद्दल काही बोलली नाही. आणि सगळ्यात शेवटचं नाव, अँडोव्हरची एलिझाबेथ जॉन्सन, दोषी ठरून फाशी टळलेली, ती कागदावर निर्दोष झाली २०२२ च्या जुलैमध्ये. आठवीतल्या मुलांनी पाठपुरावा केला म्हणून. ३२९ वर्षं. आमच्याकडच्या प्रलंबित दाव्यांना मी उगाच नावं ठेवत आलो.

कबरस्तानात रिबेकाच्या नावाचा उंच दगडी स्तंभ आहे, १८८५ सालचा. शेजारी दुसरा, सही करणाऱ्या शेजाऱ्यांच्या नावांचा. आपल्याकडे पंचांची नावं पंचनाम्यातच राहतात, दगडावर येत नाहीत. मी एकेक नाव वाचत होतो. वारा सुटला होता आणि मशीनमध्ये नुसती घरघर होत होती, म्हणून मी ते बंद केलं. वरून उतारावरून लेक हात हलवून काहीतरी विचारत होती. तिच्यामागे नातू टोपी सांभाळत पळत येत होता. निघायचं का, असं विचारत असणार. मी मान हलवून मोठ्यानं म्हटलं, "हो!"

नातू उड्याच मारायला लागला. जवळ आल्यावर मी मशीन चालू केलं आणि हिला विचारलं, काय झालं याला?

"संध्याकाळी परत सेलमला जायचंय," ही म्हणाली. "भुताच्या घरात. याच्याबरोबर आत कोण जाणार म्हणून विचारत होती. तुम्ही हो म्हणालात."